सतरावा चष्मा आणि दोन वाटाडे

हिंगोलीला कोणी मुद्दाम फिरायला जात नाही, असं मला निघण्यापूर्वी चिपळूणमधल्या चार जणांनी सांगितलं. चौघांपैकी एकही जण तिकडे गेलेला नव्हता. मी चार दिवस राहून आले आहे, तेव्हा आता सांगायचा अधिकार माझा.

जाण्याचं कारण साधं होतं. आमचं चिपळूणला चष्म्याचं दुकान आहे. माझी शाळेपासूनची मैत्रीण शोभा लग्न होऊन हिंगोलीला गेली, तिथे परिचारिका झाली आणि निवृत्त झाल्यावरही स्वस्थ बसली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या सतरा म्हाताऱ्या माणसांचे नंबर तिने मला पाठवले आणि चष्मे आमच्या दुकानाने करून द्यायचे ठरले. पार्सलने पाठवता आले असते. पण चष्मा नाकावर बसवून, कानामागची काडी वाकवून द्यावा लागतो, नाहीतर तो महिनाभरात ट्रंकेत जातो. शिवाय आमच्या यजमानांनी जेवताना सहज म्हटलं की मला एकटीला इतक्या लांब गाडी न्यायला जमणार नाही. मग जाणं भागच झालं.

वही तयार केली. सतरा नावं, सतरा नंबर, आणि प्रत्येकाच्या घराचं ठिकाण. शोभा डोळ्यात थेंब घालायला घरोघरी गेली होती तेव्हा तिने फोनवर प्रत्येक ठिकाणाची खूण करून ठेवली होती. ते अक्षांश-रेखांशाचे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि रस्त्याच्या सोयीने एक ते सतरा असा क्रम लावला.

पहिला दिवस : हिंगोली, औंढा

येताना माझ्या फोनने दोनदा मान टाकली होती. काचेमागे उन्हात ठेवला की तो तापतो आणि रुसून काळा पडतो. रेंज गेली की नकाशा जातो. आणि नवऱ्याचा फोन आला की नकाशा जाऊन नवरा येतो. म्हणून हिंगोलीत पोचल्यावर पहिलं काम ठरवलं : गाडीसाठी रस्ता दाखवणारं स्वतंत्र यंत्र घ्यायचं. नकाशे आत साठवलेले हवेत, उन्हात दिसायला हवं, खेड्यांची नावं हवीत, आणि मला बारीक आवाजात कोणी शिकवलेलं आवडत नाही, म्हणून आवाज बंद करता यायला हवा.

शोभाने मला सलीमभाईंच्या दुकानात नेलं. त्यांचे आजोबा टांग्याच्या गाद्या शिवायचे, वडील जीपच्या, आणि ते स्वतः कारची सीट कव्हरं शिवतात आणि सोबत गाडीचं बाकी सगळं सामान ठेवतात. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात मापाची पट्टी. त्यांनी माझी अटींची यादी शेवटपर्यंत वाचली, जे आमच्या घरात कोणी करत नाही, आणि कपाटातून दोन यंत्रं काढली. एक मोठं, तळहाताएवढ्या पडद्याचं, हिंदीत बोलणारं. दुसरं जुन्या साठ्यातलं, लहान, बाजूला बटणं असलेलं, न बोलणारं.

मी दोन्हींचे गुणदोष वहीत मांडायला घेतले तेव्हा ते म्हणाले, "बाई, वही तुमची बराबर हाय. पण यंत्र काय वहीत चालवायचं हाय का? दोन्ही घेऊन जा. तीन दिवस फिरवा. पसंत पडंल ते ठेवा, दुसरं वापस आणा."

याला तिकडे जांगड म्हणतात : माल न्यायचा, वापरून बघायचा, पटला तर ठेवायचा. पूर्वी आमच्याकडेही लुगडी अशी जात, पण आता आमच्या बाजारात वेष्टन फाडलं की वस्तू तुमची. मी अनोळखी, गाडीची पाटी रत्नागिरीची, तरी सलीमभाईंनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. शोभाबाईंबरोबर आलात, एवढं पुरे म्हणाले.

दोन्ही यंत्रं पुढच्या काचेला चिकटवली. एक बोलकी, एक मुकी, आणि दोघींना एकाच घरात नांदायचं. शोभाने लगेच त्यांना थोरली आणि धाकटी जाऊ करून टाकलं.

हिंगोलीतले दोन चष्मे देऊन आम्ही दुपारी औंढ्याला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस फुलला होता. कोकणात फाल्गुनात डोळे आंब्याच्या झाडाकडे असतात. इथे पान नसलेल्या झाडाला नुसता जाळ लागल्यासारखं दिसतं आणि त्याखाली शेळ्या निवांत बसलेल्या. औंढ्यात नागनाथाचं दर्शन घेतलं, देवळाच्या दगडी भिंतींवरची शिल्पं बघताना मान अवघडली, आणि चार चष्मे दिले. त्यातले एक पेढ्यांचे दुकानदार होते. चष्मा चढवल्यावर त्यांनी आधी आमचे आभार मानले, मग स्वतःच्या दुकानातल्या काचेच्या कपाटाकडे बघितलं, आणि मुलाला फडकं आणायला सांगितलं. आम्ही निघालो तरी पुसणं चालूच होतं. आम्हाला पेढे दिले ते मात्र मागच्या खोलीतून आणून.

परतताना शोभा म्हणाली की उद्या आधी सतरा नंबरकडे जाऊ. सतरा नंबर म्हणजे ठकूआजी, मेंढपाळ घरातली. मागच्या साली अंधुक दिसत असल्यामुळे ती पाटात पडली होती, आणि तिच्या मुलाने, दादारावने, ठरवून टाकलं होतं की आता आईला मेंढरांबरोबर फिरवायचं नाही, मामाच्या गावाला ठेवून द्यायचं. कळप होळीच्या सुमारास वाशिमकडे सरकणार होता. ऑपरेशननंतर आजीने शोभाला एकच विचारलं होतं : चष्मा कळप हलायच्या आत येईल ना? चष्मा आला आणि दिसलं तर ती कळपाबरोबर जाणार. नाही आला तर मामाच्या गावी ओट्यावर.

मी वही दाखवली. तिचा कनेरगाव नाका रस्त्यात शेवटी येतो, म्हणून सतरा शेवटी. होळीला अजून आठवडा आहे. शाळेपासूनचा अनुभव असल्यामुळे शोभाने वाद घातला नाही.

दुसरा दिवस : सेनगावकडे

दहा चष्मे, सात गावं. थोरलीला सरळ रस्ता आवडतो हे सकाळीच कळलं. ती नकाशावरची सगळ्यात जवळची रेघ पकडते, मग ती रेघ कुठूनही जावो. धाकटी एक बारीक निळी रेघ काढते आणि बाकी तुमचं तुम्ही बघा म्हणते. एका फाट्यावर थोरली डावीकडे, धाकटी उजवीकडे आणि शोभा सरळ म्हणाली. मी थोरलीचं ऐकलं, कारण ती मोठ्याने बोलत होती.

रस्ता चांगला होता. दोन किलोमीटर गेल्यावर तो पिवळा झाला. शिजवलेली हळद वाळायला डांबरावर पसरली होती, या काठापासून त्या काठापर्यंत, पुढच्या वळणापर्यंत. थोरली म्हणाली, "सीधे चलते रहें." कडेला निंबाखाली बसलेल्या तीन बाया उठल्या. त्यातल्या वयस्कर बाईने खिडकीशी येऊन आत बघितलं.

"कोन बोलून राहिलं?"

मी यंत्र दाखवलं.

"तिला म्हनावं, खाली उतर आन् हळद गोळा कर. मग जा सरळ."

मागे फिरायला जागा नव्हती, एका बाजूला पाण्याची चारी, दुसऱ्या बाजूला हळद शिजवण्याची कढई धगधगत होती. शेवटी तिघींनी गाडीच्या मागून हात दाखवत मला सावकाश रिव्हर्समध्ये पाऊण किलोमीटर नेलं, आणि मग परत जाऊ न देता चहाला बसवलं. त्यांच्यापैकी एकीची सासू आमची नऊ नंबर निघाली. म्हणजे थोरलीने चुकीच्या रस्त्याने बरोबर घरी पोचवलं होतं. वहीत हा गुण कुठल्या रकान्यात लिहावा ते कळेना.

त्या दिवशी सगळे दहा चष्मे दिले. वह्यांचा अनुभव असणाऱ्यांना माहीत आहे, एका दिवसात दहा बरोबरच्या खुणा करण्यात काय सुख असतं. ते सुख संध्याकाळी सहा वाजता संपलं. दादारावचा फोन आला. होळी वगैरे काही नाही, पाणी आटत चाललं आहे म्हणून कळप परवा पहाटेच निघतोय. आईला उद्या संध्याकाळी पाचच्या एसटीत बसवतोय. शोभा कुठे आहात विचारत होती तेवढ्यात फोन कटला, आणि नंतर लागलाच नाही.

शोभाने नुसती माझी वही मिटवून माझ्या पिशवीत ठेवली.

तिसरा दिवस : कनेरगाव नाका

सकाळी सातला निघायचं होतं, पण गाडीचं चाक बसलेलं निघालं. पंक्चर काढून, वाटेतल्या दोन पेशंटांनी अडवून शोभाला रक्तदाब मोजायला लावून, नाक्यावर पोचायला साडेबारा झाले. ढाब्यावर भाकरी आणि बेसन खाल्लं. आमच्याकडे पिठलं म्हटलं की कुळथाचं. इथे हरभऱ्याचं, त्याला बेसनच म्हणतात, आणि ठेचा असा की दोन घासांनंतर माझाही चष्मा धुरकटला. शोभाचं लक्ष घड्याळाकडे होतं. मी तिला धीर दिला : ठिकाणाचे आकडे आपल्याकडे आहेत, दोन्ही यंत्रांत भरले आहेत, दहा मिनिटांचा प्रश्न.

दहाच मिनिटं लागली. डांबरी सोडून गाडीवाट, गाडीवाट सोडून धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि एका रानाच्या तोंडाशी दोन्ही जावांचं पहिल्यांदा एकमत झालं. धाकटीने झेंडा दाखवला. थोरली म्हणाली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच चुके हैं."

समोर काढून नेलेल्या हरभऱ्याचं मोकळं रान होतं. तीन दगडांची चूल, थोडी राख, आणि जमिनीवर लेंड्यांचा जाड थर. माणूस नाही, मेंढरू नाही.

आम्ही दोघी उतरून त्या मोकळ्या रानात उभ्या राहिलो. मी म्हटलं, हेच ठिकाण ना? शोभा म्हणाली, महिन्यापूर्वी हेच होतं. म्हणजे ते हलतात? तर म्हणाली, अगं, मेंढवाडा आहे तो, दर दोन-तीन रात्रींनी हलतो. मग मला सांगितलं का नाहीस? त्यावर ती जे म्हणाली ते मी चिपळूणला आल्यापासून किमान दहा जणांना सांगितलं आहे :

"मला वाटलं, उपग्रहाला वरून मेंढरं दिसत असतील."

माझी चूक तिच्यापेक्षा मोठी. पत्ता म्हटला की तो जागेवर राहतो, हे मी धरूनच चालले होते. कोकणात माणूस मुंबईला जाईल, पण घर आपलं चिऱ्याचं, तिथेच. इथली रीत अशी की पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावून मेंढरं आपल्या रानात बसवून घेतो. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, बदल्यात मेंढपाळाला धान्य. तीन रात्री या रानात, दोन त्या रानात. ठकूआजीला पत्ता होता, पण तो शेतकऱ्यांच्या बोलीत होता, आकड्यांत नव्हता.

रानाचा मालक उत्तमराव विहिरीवर होता. शोभाने विचारलं, मेंढवाडा कुठे गेला? आमच्याकडे असा प्रश्न केला की माणूस आधी तुम्ही कोणाच्या ते विचारतो आणि मग बोटाने पाच वळणं सांगतो. उत्तमरावने काहीच सांगितलं नाही. पाय धुतले, टॉवेल झटकला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसला. मी त्याला म्हटलं, नुसतं सांगितलं तरी चालेल.

"सांगून कसं घावंल?" तो म्हणाला. "चला."

त्याच्यानंतर मेंढरं त्याच्या चुलत्याच्या रानात होती. चुलता म्हणाला, दोन रात्री बसली, मग उगवतीकडे, ओढ्याच्या अलीकडे. आणि चुलताही गाडीत बसला. ओढ्याजवळच्या रानात लेंड्या ओल्या होत्या, म्हणजे कालच्या. त्या रानाच्या मालकाने सांगितलं, आज सकाळीच टेकाडापाशी गेलेत. चुलता तिथे उतरला, त्याचं काहीतरी काम निघालं. सव्वातीन वाजले. एवढा वेळ थोरली दर मिनिटाला यू-टर्न घ्या म्हणत होती, कारण तिच्या मते आम्ही मंज़िल सोडून पळत होतो.

उत्तमराव पहिल्यांदा हसला, मग वैतागला. "बाई, हिला माहेरी सोडायचं हाय का?"

मी तिचा आवाज बंद केला. धाकटी मात्र मुकाट्याने एक काम करत होती जे मी तोवर पाहिलंच नव्हतं : आम्ही जिथून जिथून आलो त्या वाटेवर ठिपके टाकत होती.

टेकाडाच्या पोटाला मेंढरं दिसली तेव्हा चार वाजले होते. पहाटेसाठी अर्धं सामान घोड्याशेजारी बांधून ठेवलेलं. एका बाजूला एक गाठोडं वेगळं ठेवलेलं, आणि त्या गाठोड्यावर ठकूआजी बसलेली. नऊवारीचा पदर आवळून, एसटीला निघालेल्या माणसासारखी.

मी बॅगेतून सतरावा चष्मा काढला. तिच्या नाकावर बसवला, काडी वाकवली, काढला, पुन्हा बसवला. दुहेरी काच होती. खालून जवळचं, वरून लांबचं, हे शोभाने दोनदा समजावलं. दादाराव बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता. तो वाईट माणूस नाही. आईला पाटातून त्यानेच काढलं होतं आणि ते सांगताना त्याचा आवाज बदलला. चष्मा आला चांगलं झालं, म्हणाला, मामाच्या गावी देवळात जायला तरी दिसेल.

आजीने त्याचं ऐकलं नसावं. ती उठली आणि मेंढरांकडे चालू लागली. मेंढरं जाळीच्या आत घ्यायची वेळ झाली होती. सून तोंडाशी उभी राहून मोजत होती, आणि एकूण आकडा बरोबर आला. आजी मधोमध जाऊन थांबली, एकेकीच्या तोंडाकडे बघत. मग एकीची मान पकडली.

"ही कोनाची?"

दादाराव म्हणाला, आपलीच.

"न्हाई. हिचं तोंड आपलं न्हाई. कान बघ."

त्यांच्या मेंढरांच्या डाव्या कानाला कातर असते. हिच्या उजव्या कानाला होती. दादाराव वाकून बघत राहिला. सून म्हणाली, पण आकडा तर बरोबर आलाय. आजीने सांगितलं की आकडा येणारच. परवा पाणवठ्यावर दुसरा कळप आला होता, त्यांची एक इकडे आली, आपली एक तिकडे गेली. कुठली गेली तेही तिने पुन्हा नजर फिरवून शोधलं : काळ्या तोंडाची, गाभण, चार-सहा दिवसांत व्यायणारी. आणि दोन्ही कळप पहाटे दोन दिशांना जाणार.

चालत जाऊन यायला मध्यरात्र झाली असती. माझ्याकडे सगळ्यांनी एकदम बघितलं. मी मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली. सलीमभाईंना सीट कव्हरांचा नंबर विचारून ठेवायला हवा, असं मनात आलं.

शोभा आणि उत्तमराव चहाला थांबले. पुढे आजी, मागे दादाराव परक्या मेंढीला मिठीत धरून. ती सारखी ओरडत होती आणि तिच्याकडे वळताना आजीचा हात पडद्याला लागून थोरलीचा आवाज पुन्हा सुरू झाला, तेव्हा मेंढी आणि थोरली आळीपाळीने बोलू लागल्या. दुसरा कळप ओढ्यापलीकडे होता. आजीने गाडीतूनच, उतरण्याआधी, बोट दाखवलं. काळं तोंड. त्या लोकांनीही काही खळखळ केली नाही. आपली मेंढी ओळखून हसले, आमची दिली, आणि आजीला म्हणाले की म्हातारे, गाडी घेतलीस वाटतं.

परतताना दिवस मावळला. धुऱ्यांवरची बाभळी आणि बोरी सगळी सारखी दिसायला लागली. दादाराव मेंढीच्या पलीकडे काही बघू शकत नव्हता. थोरली मला कनेरगावच्या त्या रिकाम्या चुलीपाशी न्यायला बघत होती. मी धाकटीच्या ठिपक्यांवरून, एका एका धुऱ्याने, आलो तसे परत गेले. कुठे जायचं हे तिला माहीत नव्हतं, पण कुठून आलो ते ती विसरली नव्हती. तिथेच माझं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी थोरली परत केली तेव्हा सलीमभाईंनी कारण विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ते म्हणाले की धाकटं तीन वर्षं पडून होतं, कोणी नेत नव्हतं. मग मागच्या सीटचा वास घेऊन कव्हरांची मापं घेतली.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. टेकाडापाशी गाडी थांबली. पाचची एसटी केव्हाच गेली होती, तिचं कोणी नाव काढलं नाही. सुनेने काळ्या तोंडाची मेंढी उतरवून घेतली, पोटाला हात लावून बघितला. दादारावने चादर झटकली. मग जमिनीवर एकटं पडलेलं ते गाठोडं उचलून त्याने घोड्याच्या सामानात ठेवलं आणि दोरी आवळता आवळता, आमच्याकडे पाठ करूनच, विचारलं :

"आये, उद्या पुढं चालतीस का मागं?"

ठकूआजीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मधी," ती म्हणाली. "तुमाला दोन्हीकडलं दिसत न्हाई."